साडेतीनशे एमबीत बसवलेलं लग्न

परवा रात्री पुण्याहून पुतण्याचा फोन. "काका, डीव्हीडीची फाईल करायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं? माझ्या हळदीला पणजीच्या ओव्या लावायच्यात, आई मागेच लागलीय."

एका शब्दात उत्तर देता आलं असतं. दिलं नाही. कारण हाच प्रश्न मी २०११ साली स्वतःला विचारला होता, तेव्हा उत्तर चुकलं होतं आणि ते आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. म्हटलं इथेच लिहून टाकावं. नातेवाईक वाचतातच, सगळ्यांची बोलणी एकदम खाऊन घेऊ. :)

दादाचं लग्न १९९८ चं, कागलात, दारातल्या मांडवात. शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर. कॅसेटला बुरशी लागायला लागली म्हणून २००६ मध्ये तिच्या दोन डीव्हीडी करून घेतल्या. एक आमच्याकडे, एक निपाणीच्या आत्याकडे. त्यात हळदीच्या दिवशी जात्यावर बसलेली आज्जी आहे. ती ओव्या म्हणते, आणि घरातल्या एकेकाचं नाव त्यात गुंफत जाते. तिच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग कुठेच नाही. २००८ मध्ये ती गेली.

२०११ साली माझ्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क भरत आली होती आणि मला आवराआवरीचा उत्साह आला होता. एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं. त्याने एकच प्रश्न विचारला, फाईल किती एमबीची हवी? मी ३५० लिहिलं. का? तर सातशे एमबीच्या एका सीडीत दोन फाईली बसतात म्हणून! 'आवाज स्वच्छ करा' असा एक चौकोन होता, त्यावरही टिचकी मारली. स्वच्छ कुणाला नको असतं? तयार फाईल दोन मिनिटं बघितली, बरी वाटली. पुढे चुलत्यांनी शाळवावरची पाखरं हुसकायला जुन्या सीड्या मागितल्या, त्यांत ती डीव्हीडीही दिली. शेतात दोऱ्याला लटकून चांगली चमकायची.

पुढे कधीतरी फाईल नीट ऐकली. जात्याची घरघर गेली होती आणि तिच्याबरोबर आज्जीचा आवाजही. सॉफ्टवेअरच्या लेखी घरघर म्हणजे गोंगाट. तो पुसताना ओवीच्या शेवटी लांबवलेला सूरही त्याने पुसला. उरलेला आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. नावं तर कळतच नाहीत.

आता थोडा हिशेब. तीन तासांची ती डीव्हीडी साधारण ४.३ जीबीची, म्हणजे सेकंदाला तेहेतीसशे-चौतीसशे किलोबिट. साडेतीनशे एमबीत बसवल्यावर सेकंदाला जेमतेम २६० उरले, त्यातच चित्र आणि त्यातच आवाज. बाकीचं गेलं कुठे? फेकलं. 'कॉम्प्रेस' म्हटलं की आपल्याला गादी दाबून ट्रंकेत भरल्यासारखं वाटतं, बाहेर काढली की पुन्हा फुगणार. इथे तसं नसतं. इथे कापूस काढून टाकलेला असतो.

म्हणून माझं मत असं की, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, काय फेकायची तुमची तयारी आहे? तो प्रश्न जे सॉफ्टवेअर तुम्हाला विचारतं ते चांगलं. जे परस्पर ठरवून मोकळं होतं ते, दिसायला कितीही सोपं असो, घरच्या डीव्हीडीला लावू नये.

पुतण्याला सांगितलं ते असं. आधी डिस्क आहे तशी उतरवून घे. घरच्या डीव्हीडीला कुलूप नसतं. आतला व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर उचलून हार्डडिस्कवर ठेवला तरी चालतं. डिस्क ओरखडलेली असेल तर डीडीरेस्क्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते आधी चांगला भाग वाचून घेतं, मग खराब जागी पुन्हा पुन्हा फिरून येतं. कुठवर वाचलं याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवून दुसऱ्या ड्राइव्हवरही पुढे चालू करता येतं. ही प्रत मोठी असते. असू दे. ती बघायला नसते, ठेवायला असते.

मग बघायची छोटी प्रत कर, हँडब्रेकवर. हे २००३ मध्ये सुरू झालेलं, मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. चित्रावर स्वतःच्या नावाचा शिक्का मारत नाही आणि अर्ध्यात पैसे मागत नाही. मला आवडतं ते याच्यासाठी की, त्यात 'किती एमबी' सांगण्याऐवजी 'किती चांगलं' ते सांगता येतं. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं, डीव्हीडीला १८ ते २२ पुरतो. मग फाईल होईल तेवढी होईल. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ या जुन्या पद्धतीचं असतं. २००३ मध्ये आलेली एच.२६४ पद्धत त्याच दर्जाला बरीच कमी जागा घेते. पण कॅसेटवरून उतरवलेल्या चित्रात मुंग्या असतात, आणि यंत्राला प्रत्येक मुंगी म्हणजे नवी घडामोड वाटते. त्यामुळे आपली फाईल वाटते तेवढी लहान होत नाही. घाबरू नकोस.

आणखी तीन गोष्टी. हलत्या हाताच्या कडेला फणीचे दात दिसत असतील तर 'डीइंटरलेस' चालू कर. चित्र ४:३ च ठेव, रुंद टीव्हीभर ताणलंस तर सगळं वऱ्हाड जाडजूड दिसतं. आणि आवाजाला हात लावू नकोस, आहे तसा पुढे जाऊ दे. तीन तासांच्या आवाजाला लागते किती जागा? चित्राच्या मानाने चिमूटभर.

(बाजारातल्या सिनेमांच्या डीव्हीडीची गोष्ट वेगळी. त्यांना बहुधा कुलूप असतं आणि हँडब्रेक ते स्वतःहून उघडत नाही. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे गुन्हा आहे. आपण आपल्या लग्नाचं बोलतोय.)

कुणी म्हणेल, एवढं कोण बघत बसतं? खरंय. मोठी फाईल कपाटात पडून राहते, छोटी मोबाईलवर फिरते, आणि जी कुणी बघत नाही तीही एका अर्थी हरवलेलीच. म्हणून तर दोन्ही हव्यात. माझी चूक छोटी फाईल केली ही नव्हती. छोटी झाल्यावर मोठी पाखरांना दिली, ही होती.

आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. १९३६ मध्ये त्यांनी त्याचा बोलपट केला, पण तो पहिला मूकपट आज उपलब्ध नाही. जुन्या फिल्मची रिळं वितळवून त्यातली चांदी काढून घ्यायची पद्धत होती. तेव्हाच्या लोकांना नावं ठेवायला मला तोंड नाही. त्यांना निदान चांदी मिळत होती.

असो. आत्याची डीव्हीडी मिळाली का?

मिळाली. मीच निपाणीला जाऊन आणली. शोकेसमध्ये, पाकिटाविना, काचेच्या मोरामागे. रात्रभर डीडीरेस्क्यू लावून ठेवलं. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे कार्यक्रमाची सुरुवात मध्याजवळ आणि शेवट कडेला. बोटांचे डाग आणि ओरखडे कडेलाच जास्त होते, त्यामुळे वरात तुकड्या-तुकड्यांची झालीय, घोडा मध्येच गायब होतो. हळद मात्र शाबूत आहे. घरघरीसकट. बघायची फाईल दोन जीबीच्या वर गेली.

आत्याला फोनवर ऐकवली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "माझं नाव थोरल्या दादाच्या आधी घेतलं होतं बघ तिनं." एवढ्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती.

मूळ प्रत आता दोन घरांत दोन हार्डडिस्कवर आहे, एक इथे, एक पुण्यात. नातेवाईक मंडळींना विनंती, तुमच्याकडे त्या काळातल्या कॅसेटी, डीव्हीडी असतील तर आधी मला कळवा. शाळवाला बुजगावणं मी स्वतः करून देईन.