तपासणी तिचीच का झाली?



या सदरात मी नेहमी जातपडताळणीचे कागद, शिष्यवृत्तीचे अर्ज, अडकलेली पेन्शन यांवर लिहितो. आजचे प्रकरण माझ्या स्वतःच्या शरीराचे आहे. लिहिण्याआधी पत्नीला विचारले. ती म्हणाली, "लिहा, पण अर्धं लिहू नका." म्हणून सगळे लिहीत आहे.

चौदाव्या वर्षी माझी छाती बायकांसारखी वाढू लागली. आम्ही चाळीत राहायचो, आंघोळ सार्वजनिक नळावर. मी सगळ्यांच्या आधी, अंधारात आंघोळ उरकू लागलो. आईला वाटे, पोरगा अभ्यासाला उठतो. शाळेत कबड्डीला एका संघाने शर्ट काढायचा अशी पद्धत होती, म्हणून कबड्डी सोडली. मुले काय म्हणत ते लिहीत नाही. ज्यांनी ते ऐकले आहे त्यांना ठाऊक आहे. पुढे नोकरी लागली. मे महिन्यातही शर्टाच्या आत दोन बनियन, आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाताना फाईल छातीशी धरलेली. साहेबांना वाटले, हा माणूस कागद फार जपतो. गोपनीय अहवालात त्यांनी तसा चांगला शेराही मारला आहे.

वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांच्या छातीत अशी थोडी गाठ येते आणि बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप जिरते. माझी जिरली नाही. मी कुणाला दाखवले नाही, आणि कुणी विचारलेही नाही.

२००६ साली लग्न झाले. तीन वर्षे मूल झाले नाही, तेव्हा तपासण्या सुरू झाल्या. माझ्या नव्हे, पत्नीच्या. सोनोग्राफी, रक्त, नळीत औषध सोडून काढलेला एक्स-रे. एकीकडे पिशवी साफ केली, दुसरीकडे सहा महिने गोळ्या दिल्या. सगळे रिपोर्ट चांगले. तरी बारशाला तिला पाळण्याजवळ उभे करत नसत. माझ्या आईने तिच्या गळ्यात ताईत बांधला. ज्या खोलीत बांधला, त्याच खोलीच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या होत्या. त्या काळात मी वस्त्यांमधून अंधश्रद्धेवर भाषणे देत होतो.

एका डॉक्टरांनी माझ्या वीर्यतपासणीची चिठ्ठी लिहून दिली होती. मूल होत नसेल तर ही तपासणी आधी करायची असते. ती स्वस्त आहे आणि तिच्यात सुईसुद्धा टोचत नाहीत. मी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि शर्ट धुण्यात टाकला. विसरलो असे घरी सांगितले असते, पण घरात कुणी विचारलेच नाही. मला भीती एवढीच होती की तपासणीला गेलो तर डॉक्टर शर्ट काढायला लावतील.

२०१८ च्या पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावर घसरलो आणि मनगट मोडले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, अडतिसाव्या वर्षी एवढ्याशा पडण्याने हाड मोडायला नको होते. हाडांची घनता तपासली, ती कमी निघाली. त्यांनी हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्या बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दाढी किती दिवसांनी करता?" मी म्हणालो, आठवड्यातून एकदा. मग पडदा ओढला. इतकी वर्षे जे चुकवत आलो होतो ते पाच मिनिटांत झाले. अंडकोषाचे माप घ्यायला त्यांच्याकडे मण्यांची माळ होती, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. माझे माप सुरुवातीच्या लहान मण्यांशी जुळले.

रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचे होते, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते. एका तपासणीवर भरवसा ठेवत नाहीत, म्हणून दोनदा घेतले. साधारण ३०० नॅनोग्रॅमच्या वर हवे. माझे दोन्ही वेळा दीडशेच्या आसपास आले. नंतर गुणसूत्रांची तपासणी झाली. माणसाला ४६ गुणसूत्रे असतात. पुरुषात त्यांतले एक एक्स आणि एक वाय. माझ्यात एक एक्स जास्तीचे आहे, एकूण ४७. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. डॉ. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ साली अमेरिकेत याचे वर्णन केले. जास्तीचे गुणसूत्र १९५९ मध्ये एडिंबरोत सापडले. साधारण ५०० ते १००० मुलग्यांमागे एक असा जन्मतो, आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर कळतही नाही. बीज तयार होताना घडलेला हा योगायोग आहे. आईच्या खाण्यापिण्याचा, कुणाच्या दृष्टीचा, मागच्या जन्माचा काही संबंध नाही. मी पुरुषच आहे. फक्त अंडकोषातून हार्मोन कमी येते आणि बीज जवळजवळ तयारच होत नाही.

दवाखान्यातून निघून आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. पत्नी म्हणाली, "म्हणजे माझ्यात काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

एक बस गेली. आम्ही चढलो नाही. मग ती म्हणाली, "ती चिठ्ठी मला सापडली होती. धुतलेल्या शर्टात. लगदा झाला होता, पण सापडली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली."

यावर मी काय बोलणार?

औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी दोघांना बसवून मुलाविषयी विचारले. हे प्रत्येक पुरुषाने लक्षात ठेवावे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की शरीराचे स्वतःचे बीज बनवणे बंद पडते. आमच्यासारख्यांत अंडकोषाची शस्त्रक्रिया करून सूक्ष्मदर्शकाखाली बीज शोधता येते आणि दहांपैकी चार-पाच जणांत ते मिळते. पुढे टेस्ट ट्यूबचा खर्च आणि पुन्हा बाईच्या अंगात इंजेक्शने. पत्नीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आता मला सुया नकोत." तिचा निर्णय मी मान्य केला. नाकारण्याचा हक्क मला उरला नव्हता.

आता दर तीन आठवड्यांनी तेलातले इंजेक्शन घेतो, २५० मिलिग्रॅमचे. तीन महिन्यांनी घ्यायचेही मिळते, पण ते महाग पडते. कारकून माणूस, म्हणून वही ठेवली आहे: तारीख, झोप, राग, शक्ती. पहिल्या आठवड्यात अंगात जोर असतो आणि आवाज चढतो. तिसऱ्या आठवड्यात मरगळ येते. पत्नी वही न पाहता सांगते, इंजेक्शन जवळ आले. दाढी आता एक दिवसाआड करावी लागते. हाडे सुधारत आहेत. रक्त दाट होते का हे ठराविक काळाने तपासावे लागते, प्रोस्टेटचेही. हे सगळे आयुष्यभर चालायचे आहे.

छाती मात्र कमी झाली नाही. मला वाटले होते, पुरुषाचे हार्मोन आले की बाईसारखी छाती जाईल. जुनी गाठ तंतुमय झालेली असते. औषध तिला हलवू शकत नाही, ती शस्त्रक्रियेनेच निघते. मी अजून केलेली नाही. महिन्यातून एकदा हाताने तपासतो, कारण स्तनाचा कॅन्सर पुरुषालाही होतो आणि माझ्यासारख्यांना धोका इतर पुरुषांपेक्षा जास्त असतो. एकीकडेच टणक गाठ लागली किंवा बोंडातून रक्त आले तर थांबू नये. आणि जिममध्ये डबा-इंजेक्शन विकणाऱ्यांकडून हेच औषध टोचून घेणाऱ्या तरुणांना सांगतो: त्याचे काही टेस्टोस्टेरॉन शरीरात बाईच्या हार्मोनमध्ये बदलते आणि चांगल्या छातीच्या मुलाला माझ्यासारखी छाती येऊ शकते.

आईला सांगायला मला आणखी दोन वर्षे लागली. सभेत माईक हातात घेऊन बोलणे सोपे असते. ती सत्तरीच्या पुढची. ऐकून ती म्हणाली, "तू लहानपणी अंधारात आंघोळ करायचास, ते यासाठी?" नंतर ती सुनेशी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होती. काय बोलल्या ते मला दोघींनी सांगितले नाही.

गेल्या दिवाळीत बहिणीचा मुलगा, वय तेरा, आमच्याकडे आला. उकाड्यातही जाडा शर्ट काढेना. मी त्याला खोलीत नेले, दार लावले आणि आधी माझे दोन्ही बनियन काढले. तो बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, दुखतं का?" मी म्हणालो, दुखत नाही. मग त्याने आपला शर्ट काढला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की अंडकोषाची वाढ वयाप्रमाणे आहे, काळजी नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. ती तारीख मी माझ्या वहीतच लिहून ठेवली आहे.