मैदान कोणाचे?

वाचकहो, घरातली पोरे रात्र जागून टीव्हीवर इंग्लंडमधला फुटबॉल पाहतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. आम्ही लंडनला भाचीकडे निघालो तेव्हा वस्तीतल्या पोरांनी बजावले होते, "काका, मोठ्या क्लबचा शर्ट आणा." शर्टाची किंमत पाहून आम्ही दुकानातून तसेच बाहेर पडलो. पोरांसाठी शर्ट काही आणला नाही, पण एका लहानशा मैदानाची गोष्ट आणली आहे. तीच आज सांगतो.

आमची भाची तिकडे इस्पितळात नर्स आहे. तिच्या घराजवळ एक छोटा क्लब आहे. त्याच्या महिला संघाचा सामना मायलेकी सहसा चुकवत नाहीत. एका शनिवारी रात्री भाची म्हणाली, "मामा, उद्या आमच्या मुली दुसऱ्यांच्या मैदानावर खेळायला चालल्यात. तुम्ही आणि मामी चला. पाहुण्यांच्या बाजूने ओरडायला माणसे कमीच असतात." मामींनी लगेच चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरली. परदेशात असो की कुर्ल्यात, डब्याशिवाय त्यांचे पाऊल बाहेर पडत नाही.

वाटेत भाचीने समजावून सांगितले. इंग्लंडमध्ये पुरुषांच्या वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत. टीव्हीवर दिसतात ते यातलेच. त्यांच्या खाली शेकडो लहान क्लब आहेत, त्यांना तिकडे 'नॉन-लीग' म्हणतात. जिंकला तर वरच्या पायरीवर, हरला तर खालच्या, अशी ही शिडी आहे. बायकांच्या संघांची शिडी वेगळी. खालच्या पायऱ्यांवरच्या बहुतेक जणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात.

पूर्व लंडनमधल्या फॉरेस्ट गेट स्टेशनावर उतरून आम्ही उप्टन लेनकडे चालत गेलो. हा न्यूहॅमचा भाग. भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून आलेल्यांची इथे दाट वस्ती आहे. दुकानात भेंडी दिसली तशा मामी थबकल्या. त्यांना ओढूनच पुढे न्यावे लागले. मैदानाचे नाव मोठे गमतीचे, 'ओल्ड स्पॉटेड डॉग', म्हणजे जुना ठिपक्यांचा कुत्रा. शेजारी या नावाची फार जुनी दारूची खानावळ होती, तिच्यावरून हे नाव पडले. खानावळ २००४ साली बंद झाली, नाव मात्र मैदानाला राहिले. १८८८ पासून इथे क्लॅप्टन क्लबचा फुटबॉल सुरू झाला. लंडनमधले सर्वांत जुने सीनियर फुटबॉल मैदान म्हणून याची ओळख आहे.

आत गेलो तर भव्य असे काहीच नाही. हिरवळ, तिच्याभोवती कमरेएवढा कठडा, थोडा आडोसा, चहाची जागा. कठड्याला टेकून उभे राहिले की खेळाडूंचा श्वास ऐकू येतो. चेंडू अंगावर आला तर आपणच परत टाकायचा.

आम्ही सवयीने भाचीला विचारले, "आपल्या लोकांची जागा कुठली?"

ती हसली. "मामा, इथे वेगळी जागा नसते. कुठेही उभे राहा."

मोठ्या मैदानांवर पाहुण्या संघाच्या लोकांना वेगळ्या दरवाजाने आत घेतात आणि वेगळ्या भागात बसवतात. अशा लहान मैदानांवर बहुधा सगळे एकत्रच असतात. आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार त्याच्या मागे उभे राहायचे. मध्यंतरानंतर संघांच्या बाजू बदलतात, तसे प्रेक्षकही मैदानाला वळसा घालून पलीकडे जातात. वाटेत दोन्हीकडची माणसे एकमेकांना भेटतात, चेष्टा करतात, चहाच्या रांगेत पुढेमागे उभी राहतात. मामींनी डबा उघडला तेव्हा समोरच्या संघाच्या एका आजीबाईंनीही भाजी-चपाती चाखली आणि तिखटाने डोळे पुसत अंगठा वर केला.

खेळणाऱ्या मुलींकडे पाहून नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या वेळी मुली खेळायच्या?" आम्ही काय उत्तर देणार? पण इंग्लंडचे उत्तरही काही फार चांगले नाही. १९२० साली लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला ५० हजारांवर लोक लोटले होते. त्यातला एक संघ प्रेस्टनच्या कारखान्यातल्या कामगार मुलींचा होता. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठरवले की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि क्लबांना फर्मावले की महिलांच्या सामन्यांना मैदान देऊ नका. ही बंदी पुरी उठायला जवळजवळ ५० वर्षे लागली. कोणाला मागे ठेवायचे असेल तर त्याचे पाय बांधावे लागत नाहीत. त्याला मैदान नाकारले की पुरते.

याच क्लॅप्टनकडून १९०८-०९ च्या हंगामात वॉल्टर टल नावाचा तरुण खेळला. तो १८८८ सालचा, म्हणजे या मैदानावर क्लॅप्टन आला त्याच साली जन्मलेला. त्याचे वडील बार्बाडोसहून आलेले सुतार. आजोबा गुलामीत जन्मलेले. आई गेली, पाठोपाठ वडील गेले, आणि नऊ वर्षांचा वॉल्टर भावासह लंडनच्या अनाथालयात आला. पुढे तो फुटबॉलमध्ये असा चमकला की त्या हंगामात क्लॅप्टनने हौशी संघांचा राष्ट्रीय चषक जिंकला आणि १९०९ मध्ये टॉटनहॅमसारख्या मोठ्या क्लबने त्याला घेतले. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या सामन्यात प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून त्याला घाणेरड्या शिव्या दिल्या. त्यानंतर तो पहिल्या संघात फारसा दिसला नाही. पण तो खचला नाही. नॉर्थॅम्प्टनकडून खेळत राहिला, महायुद्धात सैन्यात गेला, आणि गोरेतरांना अधिकारी करू नये असा नियम असतानाही १९१७ मध्ये अधिकारी झाला. २५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये तो धारातीर्थी पडला. त्याचे थडगे कुठे आहे हे कळलेले नाही.

पुण्याच्या क्लबात ज्यांना चहा बाहेर वेगळ्या भांड्यात मिळे, त्या पाळवणकर बाळूंनी १९११ मध्ये याच इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले होते. एकाच काळातली ही दोन माणसे. नातीला आम्ही दोघांचीही नावे सांगितली.

आता मैदानाच्या मालकीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी जुन्या क्लबचा कारभार चालवणारे आणि पाठीराखे यांच्यात बिनसले. पाठीराख्यांनी सामन्यांवर बहिष्कार टाकला. कित्येक जण फाटकाबाहेर थांबत. नुसते ओरडून भागणार नाही हे जाणून त्यांनी २०१८ साली स्वतःचा क्लब काढला. एक सभासद, एक मत. पाहुण्या मैदानावर घालायचा शर्ट त्यांनी स्पेनच्या जुन्या प्रजासत्ताकाच्या झेंड्याच्या रंगांत केला, तर स्पेनमधून हजारोंनी मागणी आली. क्लबच्या पेटीत पैसा आला. आणि २०२० साली या लोकांनी मैदानच विकत घेतले. वर्षानुवर्षे कडेला उभे राहून ओरडणारी साधी माणसे जमिनीची मालक झाली.

हे ऐकताना आम्हाला आमच्या वस्तीमागचे मैदान आठवले. तिथे आम्ही अनवाणी फुटबॉल खेळलो, कबड्डी खेळलो. जयंतीची सभाही तिथेच व्हायची. एके दिवशी सकाळी उठून पाहतो तर चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले. आम्ही मोर्चा काढला, निवेदन दिले. समोरून एकच प्रश्न आला, "कागद आहे का?" मंडळाच्या वहीत मंडपाचा, लाऊडस्पीकरचा, लाडवांचा हिशेब पै-पैचा होता. मैदानाचा कागद मात्र कोणाकडेच नव्हता, आणि तो असावा असे चाळीस वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. त्या वहीवर काही वर्षे आमचीही सही आहे. म्हणून दोष देताना आम्ही स्वतःला वगळत नाही.

सामना आमच्या मुली हरल्या. शिटी वाजल्यावर त्या कठड्यापाशी आल्या आणि आम्हा पाहुण्यांच्या हातावर टाळ्या देऊन गेल्या. नातीचा हात बराच वेळ पुढेच होता. स्टेशनाकडे परतताना ती म्हणाली, "आजोबा, मलाही खेळायचंय." भाची आमच्याकडे पाहू लागली. आम्ही म्हणालो, "खेळ की. मैदान आहे, तोवर खेळ."

वाचकहो, आपल्या वस्तीत अजून एखादा मोकळा तुकडा उरला असेल, तर येत्या बैठकीत एवढेच विचारा, की त्याचा कागद कोणाच्या नावावर आहे. प्रश्न पत्रे ठोकण्याआधी विचारावा. आम्ही तो नंतर विचारला.