बाटलीवर राग, नळाकडे पाठ

पॅलेस्टाईनवर बॉम्ब पडू लागले की आमच्या मोहल्ल्यांत पहिले संकट शीतपेयांवर येते. २००१ मध्ये अफगाणिस्तानवर आणि २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा हेच झाले. २०१४ मध्ये गाझासाठी झाले आणि ऑक्टोबर २०२३ नंतर पुन्हा झाले. जुम्म्याच्या नमाजनंतर पत्रके वाटली जातात, मोबाईलवर याद्या फिरतात, हॉटेलवाला फ्रिजमधल्या काही बाटल्या मागे सारतो आणि दुसऱ्या पुढे मांडतो. चार-सहा महिन्यांत मागच्या बाटल्या परत पुढे येतात. लग्नाच्या दावतीतून तर त्या कधी गेलेल्याच नसतात.

बहिष्काराची मी थट्टा करीत नाही. दुबळ्याच्या हातात जी मोजकी हत्यारे असतात त्यातले ते एक आहे, आणि या देशाने ते परकीय कापडावर चालवून दाखवले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. परदेशी भांडवलाबद्दलचा आपल्या समाजाचा सगळा राग एका बाटलीत मावतो, आणि तेच भांडवल घरातल्या नळातून येते तेव्हा आपण बादली लावून गप्प बसतो.

उदाहरण आमच्या नागपूरचेच देतो. मी धंतोलीत राहतो. धंतोली हा महापालिकेच्या दहा झोनपैकी एक. २०११ मध्ये महापालिकेने संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे पंचवीस वर्षांसाठी सोपवण्याचा करार केला आणि मार्च २०१२ पासून कंपनीने काम हाती घेतले. ही कंपनी दोघांच्या भागीदारीतून उभी राहिली होती. एक नागपूरची विश्वराज आणि दुसरी फ्रान्सची व्हिओलिया, पाण्याच्या धंद्यातली जगातली बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपनी. त्याआधी धरमपेठ भागात व्हिओलियाने प्रायोगिक काम केलेच होते.

आता हीच व्हिओलिया त्या वर्षांत आणखी कुठे होती ते पाहा. जेरुसलेममध्ये शहराच्या पश्चिम भागातून व्याप्त पूर्व भागातल्या ज्यू वसाहतींपर्यंत जाणारी हलकी रेल्वे ऑगस्ट २०११ मध्ये सुरू झाली. तिच्यात व्हिओलियाचा भाग होता आणि ती चालवण्याचे कामही तिच्या समूहाकडे होते. म्हणून युरोपातल्या शहराशहरांत पॅलेस्टाईन-समर्थकांनी या कंपनीविरुद्ध वर्षानुवर्षे मोहीम चालवली आणि तिला नगरपालिकांची कंत्राटे देऊ नका म्हणून धरणे धरली. २०१५ मध्ये कंपनीने इस्रायलमधला आपला कारभार विकून काढता पाय घेतला. म्हणजे ज्या वर्षी जेरुसलेमची रेल्वे धावू लागली, त्याच वर्षी नागपूरचा करार झाला. २०१४ च्या रमजानमध्ये आम्ही शीतपेयाच्या बाटल्या मोजत होतो आणि वजू मात्र व्हिओलियाच्या भागीदारीतल्या पाण्याने करीत होतो. एका तरी तकरीरमध्ये हे नाव आले का? माझ्या कानावर तरी आले नाही.

पण पॅलेस्टाईन क्षणभर बाजूला ठेवू. समजा, व्हिओलियाचा जेरुसलेमशी काडीचा संबंध नसता, तरी नागपूरच्या करारावर आपण बोलायलाच हवे होते. कारण तो आपल्या पैशाचा प्रश्न आहे.

आमच्या उर्दू पुस्तकांत ज्याला ‘सरमायाकारी’ म्हणतात त्याला मराठीत ‘गुंतवणूक’ म्हणतात. मला मराठी शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात कुणीतरी गुंतते. प्रश्न एवढाच, की गुंतते कोण? नागपूरच्या या योजनेचा खर्च सुमारे ३८८ कोटी रुपये धरला होता. नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून त्यातला ७० टक्के भाग सरकारी, म्हणजे निम्मा केंद्राचा आणि २० टक्के राज्याचा. कंपनीने आणायचे होते ३० टक्के. पेंचचे धरण आपले, कन्हानची नदी आपली, इंग्रजांच्या काळापासूनचा गोरेवाड्याचा तलाव आपला, जलशुद्धीकरण केंद्रे आपली. शंभरातले सत्तर घरमालकाचे, वर घरही त्याचेच, आणि पंचवीस वर्षे किल्ली पाहुण्याच्या खिशात! याला परकीय गुंतवणूक म्हणायचे असेल तर म्हणा. मी वर्गात असे गणित घातले तर पाचवीचे पोरही विचारील, की सर, मग पाहुणा आलाच कशाला?

उत्तर असे दिले जाते की तो तंत्र घेऊन आला. शहराच्या निम्म्या पाण्याचा पैसाच वसूल होत नव्हता, जुन्या नळ्या गळत होत्या, मीटर बंद होते. हे खरे होते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. काही वस्त्यांत पाणी सुधारले, दाबाने येऊ लागले, तेही खरे. महापालिकेच्या जुन्या कारभाराचे गोडवे गाणाऱ्यांनी पहाटे तीनला उठून नळाची वाट पाहिलेली नसावी. परंतु कंपनीने शब्द दिला होता पाच वर्षांत सबंध शहराला चोवीस तास पाण्याचा. २०१७ उलटले, शब्द पुरा झाला नाही. जुलै २०१९ मध्ये पावसाने दगा दिला, तोतलाडोह कोरडे पडत आले आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळाले. पाऊस कंपनीच्या हाती नाही हे कबूल. मात्र पाऊस हातात नसताना चोवीस तासांचे वचन विकणे हातात होते.

आणि दर? पाणीपट्टीत दरवर्षी आपोआप पाच टक्के वाढीची तरतूद महापालिकेने करून ठेवली. गरिबाची मजुरी अशी आपोआप वाढत असल्याचे मला ठाऊक नाही. त्यात टप्प्यांचा दर. जितके पाणी जास्त, तितका युनिटचा भाव चढा. श्रीमंताच्या बागेला लगाम बसावा हा त्यामागचा हेतू चांगलाच. पण मोमिनपुऱ्यातल्या, हसनबागेतल्या एखाद्या जुन्या घरात जा. नळ एक, मीटर एक, चुली चार. चार भावांचे संसार मिळून जे पाणी लागते ते मीटरला एकाच ‘मोठ्या ग्राहका’चे दिसते. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यातले तीन जणांचे कुटुंब खालच्या टप्प्यात राहते आणि आमची वीस माणसे बागवाल्याच्या टप्प्यात जातात. हे गणित लागू होणाऱ्यांत आमची वस्ती मोठ्या संख्येने आहे, आमच्या शेजारच्या दलित वस्त्याही आहेत. चुलीगणिक टप्पा मोजा, ही मागणी घेऊन या वस्त्यांनी एकत्र मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. कबरस्तानच्या भिंतीसाठी निघतो, निघायलाच हवा. पाण्याच्या बिलासाठी का निघू नये?

ही चाल महाराष्ट्राला नवी नाही. कोकणातल्या आपल्या वाचकांना एन्रॉन आठवत असेल. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी, अंजनवेल आणि वेलदूरच्या मच्छीमारांच्या दारात ते वीजघर आले. १९९२ मध्ये बोलणी, १९९५ मध्ये नव्या युती सरकारकडून करार रद्द, १९९६ मध्ये तोच करार आणखी मोठा करून पुन्हा. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये बंद पडली, कारण त्या भावाने वीज घेणे वीज मंडळाला झेपेना. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे होते, वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनचे अमेरिकेत दिवाळे निघाले. नफा झाला असता तर ह्यूस्टनला गेला असता, तोटा मात्र रत्नागिरी जिल्ह्यात राहिला. भांडवलाला धोका पत्करल्याचे बक्षीस म्हणून नफा मिळतो असे पुस्तकात शिकवतात. इथे धोका जनतेने पत्करला होता.

आपल्याकडे मदीनेच्या रूमा विहिरीचा किस्सा प्रत्येक मदरशात सांगितला जातो. गोड्या पाण्याची विहीर, मालक पाणी महाग विकायचा. हजरत उस्मान यांनी आधी अर्धा हिस्सा विकत घेतला, म्हणजे एक दिवस मालकाचा आणि एक दिवस लोकांचा. मग सगळी घेऊन वक्फ करून टाकली. मालक कोण होता यावर आमचे वक्ते भारी रंगतात. तो घागरीचे काय घेत होता हे मात्र राहून जाते. किश्श्याचा गाभा तर तिथेच आहे. याच मातीत जोतिरावांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि बाबासाहेबांनी १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी कुणाचे, हा प्रश्न आम्हाला परका नाही. दोन्ही बाजूंनी वारशाने आलेला आहे.

‘एकदा करार झाला, आता काय होणार?’ असे आमचे शिकलेले लोक खांदे उडवून म्हणतात. त्यांनी व्हिओलियाच्या स्वतःच्या गावाकडे पाहावे. पॅरिसचे पाणी पंचवीस वर्षे व्हिओलिया आणि सुएझ या दोन खासगी कंपन्यांकडे होते. करार संपताच २०१० मध्ये शहराने ते परत आपल्या हाती घेतले, पहिल्या वर्षीच सुमारे साडेतीन कोटी युरो वाचवले आणि २०११ मध्ये दर आठ टक्क्यांनी उतरवले. जी गोष्ट फ्रेंच माणसाला पॅरिसमध्ये नको झाली, ती विकास म्हणून आमच्याकडे आली.

नागपूरच्या कराराची पंचवीस वर्षे २०३७ मध्ये भरतात. आज माझ्या पाचवीच्या वर्गात बसणारी पोरे तेव्हा मतदार असतील. तोवर वाट पाहण्याची गरज नाही. करार हा सार्वजनिक दस्तऐवज आहे, माहितीच्या अधिकारात मागता येतो. तो मराठीत आणि उर्दूत सोप्या भाषेत छापून प्रत्येक मस्जिदीच्या, बुद्ध विहाराच्या फलकावर लावता येतो. प्रत्येक मोहल्ल्यातल्या दहा पोरांनी दहा घरांची बिले गोळा करून एका मीटरवर किती चुली आहेत याचा तक्ता केला, तर झोन कार्यालयात टाकायला हातात कागद असेल. बाटलीच्या याद्या बनवणारी पोरे हुशार आहेत, दोन रात्रींत शंभर कंपन्यांची नावे शोधून काढतात. हा तक्ता त्यांना एका रविवारचे काम आहे.