वकिलाची सनद देशभर, परिचारिकेची वेशीपर्यंत

१९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्या वेळचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेस अहमदाबाद, दक्षिणेस कारवार, पूर्वेस सोलापूर-विजापूर, आणि वर थेट कराची. कारण सिंध प्रांत वेगळा व्हायला अजून १ एप्रिल १९३६ उजाडायचा होता. रत्नागिरी जिल्हा या साऱ्याच्या मध्यावर, आजच्या सिंधुदुर्गाचा काही भाग पोटात घेऊन पसरलेला. रत्नागिरीच्या मुलीने बेळगावात रुग्णसेवा पत्करली, तर ती आपल्याच इलाख्यात, आपल्याच कायद्याखाली काम करीत असे.

पुढे सीमा हलल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे झाले. सीमाप्रश्नावर आपण आजवर पुष्कळ वाचले आहे. परंतु त्या रेषेने एक नोंदवहीही कापली, याकडे सहसा लक्ष जात नाही. आज रत्नागिरीत शिकलेल्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद असलेल्या परिचारिकेला बेळगावात नोकरी धरायची असेल, तर मुंबईहून ना-हरकत प्रमाणपत्र आणि पडताळणी मागवायची, कर्नाटकाच्या परिषदेत नव्याने अर्ज करायचा, शुल्क भरायचे आणि वाट पाहायची. या व्यवहाराला ‘रेसिप्रोकल रजिस्ट्रेशन’ असे भारदस्त नाव आहे. वाट पाहण्याच्या दिवसांचा पगार मात्र कोणी देत नाही.

मुळात नोंदवही हवी कशाला, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मानाचे आहे. इंग्लंडमध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांनी नोंदणीसाठी सुमारे तीन दशके झुंज दिली, तेव्हा विरोधात खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. चांगली परिचारिका परीक्षेने आणि यादीने ठरत नाही, असे त्यांचे मत. कायदा अखेर १९१९ मध्ये झाला आणि नोंदवहीत पहिले नाव फेनविक यांचेच लागले. न्यूझीलंडने मात्र १९०१ मध्येच कायदा करून इंग्लंडला मागे टाकले होते.

आपल्याकडे या नोंदीचा अर्थ आणखी खोल होता. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने विधवांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले, तेव्हा परक्यांच्या अंगाला हात लावणारे काम म्हणून समाज नाके मुरडत होता. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांच्या मिशन रुग्णालयातही परिचारिका घडत होत्या. अशा स्त्रीचे नाव सरकारी वहीत, पात्रतेसह चढणे म्हणजे दाई आणि मोलकरीण यांच्यापासून निराळा, शिक्षित व्यवसाय मान्य होणे. म्हणून नोंदवही मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. वही राहावी, तिचे कुंपण जावे.

हे कुंपण काढण्याचा विचार स्वातंत्र्याच्या पहाटेच झाला होता. भोर समितीने १९४६ च्या अहवालात मांडलेला हिशेब असा : संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. इतक्या थोड्या हातांना प्रांताप्रांतांत कोंडणे परवडणारे नव्हते. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने ठरविले की मान्यताप्राप्त पात्रता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीसाठी पुरेशी मानावी. १९५७ च्या दुरुस्तीने तर ‘भारतीय परिचारिका नोंदवही’चे कलमच घातले, राज्यांच्या नोंदवह्यांतील सर्व नावे तीत एकत्र यायची होती. त्यासाठी राज्यांनी दरवर्षी १ एप्रिलनंतर आपापल्या वह्यांच्या छापील प्रती दिल्लीस धाडाव्यात, अशीही तरतूद होती.

तरीही ‘पात्रता पुरेशी’ आणि ‘नोंद पुरेशी’ यांतले अंतर कोणी बुजवले नाही. पात्रता देशाची झाली, काम करण्याची मुभा राज्याची राहिली. माझ्या मते या कथेतील खरी चूक तीच, आणि ती ब्रिटिशांच्या माथी मारता येत नाही.

आता शेजारच्या व्यवसायाकडे पाहा. १९२६ च्या कायद्याप्रमाणे वकीलही आपापल्या उच्च न्यायालयाशी जखडलेला होता. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने एका राज्याच्या पटावरून दुसऱ्या राज्याच्या पटावर नाव नेण्याची सोय केली, तीही विनाशुल्क, असे कलम १८ सांगते. देशभर वकिली करण्याचा हक्क देणारे कलम ३० अंमलात यायला १५ जून २०११ उजाडला, हे खरे, पण उजाडला. रत्नागिरीचा वकील पणजीत उभा राहू शकतो. त्याची बहीण परिचारिका असेल तर तिने आधी कागद गोळा करावेत!

याउलट रुग्णाला सीमा ठाऊक नाही. सावंतवाडी-दोडामार्गाकडचा अत्यवस्थ माणूस वर्षानुवर्षे गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातच नेला जातो. २०१८ मध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा वादंग झाले, तरी वाट बंद झाली नाही.

राज्य परिषदांचा आक्षेप मला ठाऊक आहे. बनावट प्रमाणपत्रे फिरतात. आणि चूक करून दुसऱ्या राज्यात निघून गेलेल्या परिचारिकेवर कारवाई कोणी करायची? आक्षेप पोकळ नाही. परंतु अमेरिकेने याच अडचणीवर राज्याराज्यांत करार केला. २००० साली मेरीलँड, टेक्सस, युटा आणि विस्कॉन्सिन यांपासून सुरू झालेला हा करार आज चाळीसहून अधिक राज्ये व प्रदेशांनी स्वीकारला आहे. स्वतःच्या राज्याचा बहुराज्यीय परवाना मिळाला की तो सर्व सदस्य राज्यांत चालतो. चूक जिथे घडेल तिथले राज्य आपल्या हद्दीतली मुभा काढून घेते आणि ती माहिती बाकीच्यांना दिसते. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क अजून बाहेर आहेत, म्हणजे तिथेही मानापमान आहेतच.

आणि विश्वासाचे म्हणाल, तर केंद्राचा तो कधीच बसला आहे. एम्सच्या परिचारिका-भरतीला कोणत्याही राज्याच्या परिषदेची नोंद चालते. एकत्रीकरणाचा अनुभव तर खुद्द महाराष्ट्राला आहे : मुंबई, मध्य प्रांत आणि हैदराबाद अशा तीन राजवटींचा वारसा घेऊन आलेल्या भागांना १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने एका कायद्याखाली आणले. नागपूर आणि मुंबई एका वहीत मावतात, तर सावंतवाडी आणि पेडणे का मावू नयेत?

मे २०२० मध्ये कोविडने मुंबईची दमछाक केली, तेव्हा महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या होत्या. गरज पडली की आपल्याला साऱ्या देशाच्या परिचारिका आपल्या वाटतात.

आता परिचारिकांना देशपातळीवरचा एकच ओळख-क्रमांक मिळू लागला आहे, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व सूतिकाशास्त्र आयोगाचा कायदाही संसदेने संमत केला आहे. त्यात राष्ट्रीय नोंदवही पुन्हा आहे. या वेळी तिचे नियम लिहिताना एक वाक्य स्पष्ट असावे : या वहीत नाव असलेल्या परिचारिकेस दुसऱ्या राज्यात स्वतंत्र नोंदणी लागणार नाही. तोवर महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांच्या परिषदांनी आपसात ठरवून सीमेवरच्या जिल्ह्यांपुरता आरंभ करावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, उत्तर गोवा, बेळगाव, कारवार. या पट्ट्यातल्या मुलींना ती वाट नवी नाही.