जुनी लेन्स घेताय? एक मिलिमीटर मोजा!

फोटोंमध्ये मागचा धूसर भाग गोल फिरल्यासारखा दिसणारा ‘व्हिंटेज लुक’ अनेकांना आवडतो. त्यासाठी सोव्हिएत बनावटीची हेलिऑस ४४-२ लेन्स शोधली जाते. ही आट्यांची लेन्स, बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. तिच्या एम ४२ माउंटचा व्यास ४२ मिमी. अ‍ॅडॉप्टर रिंग लावली की ती डिजिटल कॅमेऱ्यावर बसते. ऑटोफोकस मात्र विसरा, फोकस हातानेच.

मग पावसाळ्यात लोकलने कसारा गाठून घाटातले धबधबे टिपणाऱ्यांनी ती घ्यावी का? ते कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. एम ४२ लेन्सचा माउंट सेन्सरपासून ४५.४६ मिमीवर लागतो. निकॉन डीएसएलआरमध्ये हे अंतर मुळातच ४६.५ मिमी. जेमतेम एक मिमी जास्त, पण तेवढ्याने जवळचा चेहरा शार्प येतो आणि समोरचा डोंगर धूसरच राहतो. काच असलेला अ‍ॅडॉप्टर हा उपाय आहे, पण स्वस्तातली काच फोटोचा दर्जा घालवते. सोनी ई मिररलेसमध्ये हेच अंतर १८ मिमी, निकॉन झेडमध्ये १६. तिथे लांब अ‍ॅडॉप्टर लावला की काम फत्ते.

म्हणजे स्वस्त लेन्सचा पुरेपूर फायदा महागड्या कॅमेऱ्यालाच! शहापूर-मुरबाडमध्ये कमी बजेटवर शिकणाऱ्यांसाठी मधला मार्ग म्हणजे सेकंडहँड कॅनन डीएसएलआर. त्यात अंतर ४४ मिमी, त्यामुळे साधी पातळ रिंग पुरते. आणि हो, पैसे देण्याआधी लेन्समधून टॉर्च मारून बघा. आत जाळ्यासारखी बुरशी दिसली, तर सौदा सोडा.