ज्यास घर टाकतें, त्यास बंदूक गांठते

इराक देश समुद्रापलीकडचा खरा. पण तेथील एक गोष्ट आपल्याकडील कुणब्या-सुताराच्या घरांतहि बोलली जावी अशी आहे. मार्च २००३ मध्यें अमेरिका व इंग्लंड यांच्या फौजा त्या देशांत शिरल्या, एप्रिलांत सद्दाम हुसेनची सत्ता कोसळली आणि मे महिन्यांत तेथील सैन्यच मोडून टाकण्यांत आलें. राखणदार पळाल्यावर उभ्या पिकांत गुरें शिरतात, तशा गल्लोगल्लीं हत्यारबंद टोळ्या शिरल्या. येथें हुकूम आमचा, हें प्रत्येक टोळीला लोकांस दाखवावयाचें होतें. परक्या रणगाड्याशीं झुंजणें महाग. ज्याच्या पाठीशीं कोणी नाहीं असा माणूस धरून मारणें स्वस्त.

असा माणूस त्यांना आयता सांपडला. ज्या पुरुषाचें मन पुरुषावर जडतें त्यास हल्लीं समलिंगी म्हणतात. अशीं माणसें सर्व जातींत व सर्व धर्मांत जन्मास येतात. तीं कोणी शिकवून तयार होत नाहींत. २००९ च्या आरंभीं बगदादच्या सदर सिटी या गरिबांच्या वस्तींत अशा पुरुषांस पळवून मारण्याचें सत्र सुरू झालें, तें पुढें इतर शहरांत पसरलें. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें त्याच वर्षीं ऑगस्टांत अहवाल छापला. बळी शेंकड्यांनीं असावेत असें त्यांत आहे. नक्की आंकडा कसा निघावा? अब्रू जाईल म्हणून घरचेच लोक फिर्याद देईनात! २०१२ मध्यें केंस वाढविणाऱ्या व तंग विजारी घालणाऱ्या पोरांवर पाळी आली. त्यांच्या नांवांच्या याद्या भिंतींवर लागल्या.

जून २०१४ मध्यें मोसूल शहर इस्लामिक स्टेटनें घेतलें. सदर सिटीच्या टोळ्या शियापंथी, ही सुन्नीपंथी. दोन्हीं एकमेकींच्या रक्ताला तहानलेल्या, पण या एका बाबतींत त्यांचें एकमत! माणसें उंच इमारतीवरून खालीं लोटल्याचीं चित्रें या टोळीनें जानेवारी २०१५ मध्यें स्वतःच मिरविलीं.

धर्मासाठीं हें करावें लागतें, असें कोणी म्हणेल. मग ज्याच्या अनुयायांवर २००९ च्या खुनांचा आरोप होता, त्या मुक्तदा सद्र या धर्मपुढाऱ्यानेंच २०१६ मध्यें अशा लोकांवर हात टाकूं नका असें जाहीर कसें केलें? त्याच्या मतें तें वागणें पापच. धर्म तोच, ग्रंथ तोच.

माझ्या मतें खरी मेख घरांत आहे. २४ ऑगस्ट २०१५ रोजीं न्यूयॉर्क येथें राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीचे सभासद या प्रश्नावर प्रथमच बसले. एक इराकी तरुण टोपणनांवानें टेलिफोनवरून बोलला. टोळीच्या हातून सुटलों असतों तरी घरच्यांनींच मला संपविलें असतें, अशा अर्थाचें तो सांगत होता. बाप जिवंत आणि पोर बेवारशी! लांडगा कळपांतून हुसकलेलें मेंढरूं आधीं धरतो, हें धनगराच्या पोरास सांगावें लागत नाहीं. येथें तर हुसकणारा खुद्द धनगर. बंदुकीपुढें भल्याभल्यांची बोबडी वळते, म्हणून प्रत्येक बापानें दारांत छाती करून उभें राहावें असें मी म्हणत नाहीं. पण मेलेल्या पोराचें नांव घेण्यासहि जो बाप धजला नाहीं, तो कोणाच्या जिभेला भ्याला? तेथील १९६९ च्या फौजदारी कायद्यांत अब्रूच्या कारणासाठीं केलेल्या गुन्ह्यास शिक्षेंत सूट आहे, हेंहि ध्यानांत घ्यावें.

आतां त्यावर कडी झाली. २७ एप्रिल २०२४ रोजीं इराकच्या पार्लमेंटनें समलिंगी संबंधांस दहा ते पंधरा वर्षें तुरुंग ठरविला; मसुद्यांत तर फांशीच होती, ती मागाहून गाळली. टोळीवाल्याचें काम आतां शिपाई करणार. आणि अशा संबंधांचा प्रचार करणाऱ्यास निदान सात वर्षें! कोणत्या बोलण्याला प्रचार म्हणावयाचें, हें ठरविणार सरकार. म्हणजे एखाद्या बापास उशिरां धीर आला, तरी त्याच्या बाजूनें चार शब्द बोलावयास शेजारी कोण येईल?