दिवाडीचा बंडखोर बिशप

धर्मगुरूंनी राजकारणात पडावे की पडू नये, हा प्रश्न गोव्यात निवडणुका जवळ आल्या की हमखास उपस्थित होतो. एखाद्या मठाधिपतीने उमेदवाराला आशीर्वाद दिला, अगर चर्चने मतदारांना उद्देशून पत्रक काढले, की वादाचे रण माजते आणि मतदान आटोपताच ते शमतेही. ह्या वादात हिंदू समाजात एक विधान हटकून ऐकू येते. चर्च म्हणजे पोर्तुगीज सत्तेचेच दुसरे अंग, तेव्हा पाद्र्यांचे राजकारण म्हणजे परक्यांचेच राजकारण, असे ते विधान. ते सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतील देवळे कोणी पाडली आणि इन्क्विझिशनने अडीचशे वर्षे ह्या भूमीवर कसा अंमल गाजविला, हे विसरण्याजोगे नाही. परंतु हा इतिहासाचा एक भाग झाला. त्याच इतिहासात पोर्तुगीज सत्तेला उघड आव्हान देणारा एक गोमंतकीय बिशपही होऊन गेला, आणि त्याचे नाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

मातेउस द कास्त्रो हे त्यांचे नाव. १५९४च्या सुमारास दिवाडी बेटावरील नावेली येथे, बाटलेल्या ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ह्याच दिवाडीवर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वराचे देवालय होते. ते पोर्तुगीजांनी जमीनदोस्त केल्यावर भक्तांनी देवाला नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे नेले, आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. पोर्तुगिजांच्या हद्दीतून निसटण्यासाठी देवाला जो मुलूख जवळ करावा लागला, त्याच डिचोलीचा आश्रय पुढे दिवाडीच्या ह्या ख्रिस्ती सुपुत्रालाही घ्यावा लागला.

कास्त्रो ह्यांना धर्मगुरू व्हायचे होते. त्यांनी बार्देशात फ्रान्सिस्कनांच्या हाताखाली अध्ययन केले. पण गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना दीक्षा नाकारली. नकाराचे मूळ त्यांच्या विद्वत्तेत वा चारित्र्यात नव्हते, ते जन्मात होते. त्या काळी जेझुइट, फ्रान्सिस्कन इत्यादी संघांची दारे एतद्देशीयांना बंद होती. बार्देशचे पॅरिश फ्रान्सिस्कनांकडे, सासष्टीचे जेझुइटांकडे. स्थानिक पाद्री कितीही विद्वान असला तरी त्याने गोऱ्या पाद्र्याचा मदतनीस म्हणून जन्म काढावा, अशी ही व्यवस्था होती. ज्यांनी धर्म बदलला त्यांना समतेचे आश्वासन मिळाले होते. कातडीचा रंग मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने पालटत नव्हता, आणि मान रंगावरच ठरत होता.

दुसरा कोणी असता तर निमूट घरी बसला असता. कास्त्रो ह्यांनी खुष्कीच्या मार्गाने थेट रोम गाठले. सुदैवाने काळ अनुकूल होता. पौर्वात्य देशांतील चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा 'पाद्रोआद' नावाचा हक्क चाले. धर्मप्रसाराचा खर्च राजाने करावा आणि मोबदल्यात बिशप राजाने सुचवावेत, असा तो करार होता. ह्या मक्तेदारीला वेसण घालण्यासाठी पोपने १६२२ साली 'प्रोपागांडा' हे मंडळ स्थापन केले. त्याचे चिटणीस फ्रांचेस्को इंगोली हे एतद्देशीय धर्मगुरू तयार झाले पाहिजेत ह्या मताचे होते. त्यांच्या दृष्टीने दिवाडीचा हा तरुण म्हणजे त्या मताचा जिवंत पुरावाच होता. १६३०च्या सुमारास रोममध्ये कास्त्रो ह्यांना दीक्षा मिळाली. ते गोव्यात परतले, तेव्हा त्यांची अधिकारपत्रे मानावयास येथील अधिकारी तयार होईनात. ते पुन्हा रोमला गेले, आणि १६३७ साली त्यांना बिशप करण्यात आले. लॅटिन पंथाचे ते पहिले भारतीय बिशप होत.

ह्या नेमणुकीतील चातुर्य लक्षात घेण्यासारखे आहे. गोव्याची गादी देणे राजाच्या हक्कामुळे शक्य नव्हते; म्हणून त्यांना क्रिसोपोलिस ह्या नाममात्र गादीचे बिशपपद देऊन आदिलशाही मुलखासाठी पोपचे प्रतिनिधी नेमण्यात आले. डिचोली तेव्हा विजापूरकरांच्या अमलाखाली होती. पोर्तुगीज हद्दीच्या उंबरठ्यावर, पण त्यांच्या हाताबाहेर, अशा जागी हा बिशप येऊन बसला. तेथे त्यांनी चर्च उभारले आणि गोव्यात नाकारल्या गेलेल्या ब्राह्मण तरुणांना दीक्षा दिली. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्या दीक्षा अमान्य केल्या. तक्रारी रोमला गेल्या, लिस्बनला गेल्या, आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्या.

अखेर धर्माचे भांडण राजकारणात उतरले. १६५३ साली कास्त्रो ह्यांनी 'ब्राह्मणांचा आरसा' अशा अर्थाच्या शीर्षकाचा पोर्तुगीज लेख लिहून गोव्यातील आपल्या ज्ञातिबांधवांना फिरंगी सत्तेविरुद्ध उठावाची हाक दिली. विजापूर दरबार आणि वेंगुर्ल्याच्या वखारीतील डच ह्यांच्याशीही त्यांनी संधान बांधले. पोर्तुगीज सत्तेची अवस्था तेव्हा बिकट होती. मलाक्का १६४१ सालीच डचांनी घेतले होते, आणि १६५३ साली तर खुद्द व्हाइसरॉयला गोव्यातील पोर्तुगिजांनीच पदच्युत केले. १६५४ साली आदिलशाही फौज गोव्याच्या हद्दीत घुसली. परंतु तिला माघार घ्यावी लागली, आणि आतून अपेक्षिलेला उठाव झालाच नाही. काही वर्षांतच कास्त्रो रोमला परतले. पुन्हा मायभूमीचे दर्शन त्यांना घडले नाही. १६७७च्या सुमारास तेथेच त्यांचा अंत झाला.

त्यांना स्वातंत्र्यवीर म्हणून डोक्यावर घ्यावे, असे आम्ही सुचवीत नाही. ते ख्रिस्ती धर्मप्रसारक होते, आणि पोर्तुगिजांशी त्यांचे वैर होते म्हणून हिंदू धर्माविषयी त्यांना आस्था होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. एका परक्याला हुसकण्यासाठी त्यांनी दुसऱ्या परक्याचा हात धरला. डच जिंकले असते तर गोमंतकीयांचे भले झाले असते, असे मानण्यास आम्हाला आधार दिसत नाही. पण त्यांच्या अपयशाचे मर्म आमच्या मते त्या लेखाच्या शीर्षकातच आहे. त्यांनी आरसा धरला तो ब्राह्मणांपुढे. गावडा, कुणबी, शेतात राबणारा कूळ, चर्चच्याच आवारात वेगळ्या पंगतीला बसणारा चार्डो वा शूद्र, ह्यांतील कोणालाही ती हाक नव्हती. जन्मावरून स्वतःला डावलले गेले म्हणून जो माणूस अर्धे जग पालथे घालतो, त्याला आपल्या ज्ञातीने जन्मावरून डावललेली माणसे दिसू नयेत, ही खेदाची गोष्ट आहे. मूठभरांच्या मानासाठी पुकारलेल्या बंडात बहुजनांनी कशासाठी उतरावे?

तथापि त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते आणि ते त्यांच्याबरोबर संपलेही नाही. १७८७च्या पिंटोंच्या बंडाचे सूत्रधार म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्या कौतु आणि गोन्साल्विस ह्या पाद्र्यांनाही बढतीची दारे बंदच होती; त्यांपैकी गोन्साल्विस दिवाडीचेच. त्या कटापायी पंधरा जणांना देहान्त शासन झाले आणि कित्येक पाद्री लिस्बनच्या तुरुंगात खितपत पडले. आणि ज्या गादीने दिवाडीच्या तरुणाला दारातून परत पाठविले, त्या गोव्याच्या आर्चबिशपच्या गादीवर भूमिपुत्र बसला तो १९७८ साली, राउल गोन्साल्विस ह्यांच्या रूपाने. गोवा मुक्त झाल्यानंतर त्याला सतरा वर्षे लागली, आणि कास्त्रो बिशप झाले त्याला तेव्हा ३४१ वर्षे लोटली होती. २०२२ साली हळदोण्याच्या फिलिप नेरी फेर्रांव ह्यांना कार्डिनलपद मिळाले, तेव्हा सगळ्या गोव्याला आनंद झाला. त्या आनंदात कास्त्रो ह्यांची आठवण किती जणांना झाली असेल?

आमच्या शाळांतील मुले कुंकळ्ळीचा १५८३चा लढा शिकतात, राण्यांची बंडे शिकतात, आणि ते उचितच आहे. त्यांच्या जोडीला कास्त्रो ह्यांचेही प्रकरण, त्यातील उणिवांसकट, त्यांच्यापुढे यावयास हवे. त्यावाचून ख्रिस्ती शेजारी म्हणजे पोर्तुगिजांचा वारस, ही समजूत हिंदू मुलाच्या मनातून जाणार नाही. आणि ख्रिस्ती मुलालाही आपल्या पूर्वजांनी त्या सत्तेचा जाच सोसला, तिच्याशी झगडा केला, हे कळणार नाही. पाठ्यपुस्तके ठरविणाऱ्यांनी आणि चर्चच्या धुरीणांनीही ह्याचा विचार करावा.

राहता राहिला प्रारंभीचा प्रश्न. धर्मगुरू राजकारणात उतरला एवढ्यावरून त्याची पारख होत नाही. तो कोणाच्या वतीने बोलतो आणि त्याच्या हाकेत कोणाला जागा आहे, हे पाहावे लागते. अन्याय ओळखण्यात कास्त्रो चुकले नाहीत. सोबती मोजण्यात चुकले. आज मठातून असो वा चर्चमधून, जो कोणी जनतेला हाक देईल, त्याला हाच निकष लावण्याचा अधिकार मतदाराला आहे, आणि तो त्याने बजावावा.